हत्यारपेटी

आमच्या घरातून शेजाऱ्यापाजाऱ्यांना साखर, पीठ, चहाची पूड, प्रसंगी रोख रक्कमही उसनी मिळत असे. मात्र विळी, अडकित्ता, कोयता किंवा साधी कात्री कधीही मिळाली नाही. नगर जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी आमचे किराणा-भुसाराचे दुकान होते, तेथे या गोष्टीची बरीच थट्टा होत असे. शेटजी शंभराची नोट काढून देतील, पण सुरी देणार नाहीत, असे लोक म्हणत. लहानपणी मला याची लाज वाटे. पुढे प्रतिक्रमणातील श्रावकाच्या बारा व्रतांचा अर्थ कळू लागला, तेव्हा त्या रीतीचे मूळ सापडले. आठवे व्रत अनर्थदंड विरमणाचे. निष्कारण होणाऱ्या हिंसेचे जे चार प्रकार त्यात सांगितले आहेत, त्यांपैकी एक ‘हिंसप्पयाणे’, म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. आपल्या विळीने शेजारी भाजी चिरेल की आणखी काही, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून ती द्यायचीच नाही, असा आमच्या घरचा अर्थ. तो जरा ताणलेला आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु त्यामागे एक घटना होती आणि ती मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती.

माझे दादाजी व्यापारी होते आणि हौसेने सुतारकाम करीत. त्या काळी ओसवाल घरातील कर्त्या पुरुषाने रंधा हातात धरावा, ही काहीशी चमत्कारिक गोष्ट होती. गावातील एका वृद्ध सुतारकाकांचे दुकानात खाते होते. वसुलीसाठी दादाजी त्यांच्या पडवीत जाऊन बसत आणि बसता बसता काम पाहत. काही दिवसांनी ते वसुली विसरून केवळ पाहण्यासाठी जाऊ लागले आणि वर्षभरात सुतारकाकांनी त्यांच्या हाती करवत दिली. किती रक्कम येणे होती आणि ती शेवटी आली की नाही, याचा उल्लेख कोणत्याही वहीत नाही. मी शोधला आहे.

दादाजींचे लाकूडकाम कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू होई आणि आषाढातील चौमासी चौदशीला बंद होई. चातुर्मासात जीवजंतूंची उत्पत्ती अधिक, म्हणून चार महिने पेटीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. उभे झाड त्यांनी कधी विकत घेतले नाही आणि नव्याने तोडलेले लाकूड वापरले नाही. गावात एखादा जुना वाडा उतरवला जात असला की ते तुळया, कड्या, दारांच्या चौकटी घेऊन येत. सत्तर-ऐंशी वर्षे छपराखाली वाळलेले सागवान. ते वाकत नाही, फुगत नाही. त्यातील तेलामुळे वाळवीही सहसा वाटेला जात नाही. मात्र अशा लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात. दादाजी प्रत्येक तुळईवरून आधी तळहात फिरवीत, मग लोखंडी सळईने ठोकून पाहत. एक कारण खिळ्यांचे, दुसरे घुणाचे. ठोकल्यावर पिठासारखा ताजा भुसा गळला, तर आत जीव आहे असे समजून ते लाकूड परसातल्या कडुनिंबाखाली ठेवून देत. तेथे अशा लाकडांची एक लहानशी रास होती. बाई, म्हणजे माझी आई, तिला ‘दादाजींची पांजरपोळ’ म्हणत असे.

आता हे सारे सांगतो आहे, ते त्यांच्या पद्धतीतील एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी यावी म्हणून. लाकूडकाम हे तसे पाहता आपल्या परंपरेला अवघड जाणारे काम. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणी जी पंधरा कर्मादाने वर्ज्य म्हणून येतात, त्यांत वनकर्म आहे, लाकूड जाळून कोळसा करणे आहे, गाडे तयार करून विकणेही आहे. लाखेचा व्यापारही त्यांतच आहे. आणि सुताराचे काम तर या वस्तूंवाचून होत नाही. लाकडाला चकाकी आणणारे फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती किड्यांच्या स्रावातून येते आणि ती काढताना असंख्य जीव मरतात. जोड पक्का करणारा जुन्या काळचा सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला चिकट द्रव. मेण लावावे, तर ते मधमाश्यांचे. म्हणजे लाकूड कोठून आणावे, जोडावे कशाने आणि झाकावे कशाने, या तिन्ही ठिकाणी श्रावकाची वाट अडलेली.

दादाजींनी तिन्ही ठिकाणी वळसा घातला. लाकूड जुन्या वाड्यांचे. जोड असा करायचा, की सरसाची गरजच पडू नये. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच मापाचे भोक पाडायचे, आणि दोन्ही बसल्यावर आरपार छिद्र घेऊन त्यात बांबूची खुंटी ठोकायची. कुसवातील छिद्र आणि चौकटीतील छिद्र किंचित, अगदी धाग्याएवढे, चुकवायचे; खुंटी आत जाताना कुसू आपोआप ओढले जाते आणि जोड आवळतो. त्यांनी केलेला एक बाजोट आजही आमच्या घरी आहे. त्यात एक खिळा नाही, सरसाचा थेंब नाही, आणि साठ वर्षांत तो हललेला नाही. वरून जवसाचे तेल, तेही फडक्याने चोळून, दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा.

सरसाचा प्रश्न पुढे रसायनाने सोडवला. गुजरातेतील महुवा येथे १९२५ मध्ये जन्मलेले बळवंतराय पारेख मुंबईत कायदा शिकले, परंतु वकिली न करता त्यांनी प्रारंभी एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केली आणि काही काळ वखारीतच संसार थाटला. सरस उकळताना येणारी दुर्गंधी आणि सुतारांची त्रेधा त्यांनी जवळून पाहिली असणार. पुढे १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आले. त्यात प्राणिज काही नाही आणि उकळावे लागत नाही. माझाही जन्म १९५९ चाच, त्यामुळे हे साल मी कधी विसरत नाही. आमच्या गावी तो पांढरा डबा पोहोचला, तोपर्यंत दादाजींची पेटी बंद झालेली होती.

ती पेटी बंद होणे, हीच या लेखामागची खरी गोष्ट.

ती सागवानी होती, साधारण अडीच फूट लांब, झाकणाला पितळी कडी. तिच्यात करवती, रंधे, पटाशा, वाकस, सामता, गुण्या, खतकस, धार लावण्याचा तेलाचा दगड, सारे असे. माझ्या बालमनाला सर्वांत नवल वाटे ते एका गोष्टीचे : पेटीत ठेवलेले कोणतेही हत्यार पूर्ण नसे. रंध्याचे पाते काढून निराळ्या फडक्यात गुंडाळलेले. वाकसाचे लोखंड एका कोपऱ्यात, दांडा दुसऱ्या कोपऱ्यात. चौकटीच्या करवतीचे पाते सैल करून उतरवलेले. पटाशीची मूठ काही रोज काढता येत नाही, म्हणून प्रत्येक पटाशीच्या धारेवर बांबूचे टोपण. सकाळी कामाला बसताना दादाजी एक एक हत्यार जुळवीत आणि संध्याकाळी, प्रतिक्रमणाची वेळ होण्यापूर्वी, पुन्हा सुटे करीत. हे आठव्या व्रताच्या अतिचारांपैकी ‘संयुक्ताधिकरण’ टाळण्यासाठी होते. हिंसा घडू शकेल असे साधन जोडून, सज्ज करून ठेवू नये, हा त्याचा भाव. मराठीत सुताराच्या अवजारालाही हत्यार म्हणतात आणि तलवारीलाही. दादाजी ते नाव दोन्ही अर्थांनी घेत असावेत.

मला त्यांनी रंध्याचा भुसा झाडण्याचे आणि तेलाचा दगड पुसण्याचे काम दिले होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती फार मोठी बढती होती. लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते फळीच्या कडेवर पाहायचे आणि रंधा त्या उताराच्या दिशेने चालवायचा; उलट चालवला तर लाकूड उपटले जाते. इतके त्या वयात मला कळले होते. सागवानाने पात्याची धार लवकर बोथट होते, हेही दगड पुसता पुसता कळले.

मग १९६७ च्या श्रावणात पेटी बंद होती ती चातुर्मासामुळे, आणि कार्तिकी पौर्णिमा उलटली तरी उघडली नाही. किल्ली भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कनवटीला गेली. मी विचारले की भाऊ दुसरेच काही बोलत. दादाजींना विचारले तर ते माळ ओढू लागत. बारा वर्षांचा असताना एका दुपारी मी सगळे झोपलेले पाहून दुकानातला पेचकस आणला आणि कडीची चूक उचकटू लागलो. भाऊंनी पाहिले. त्यांनी आयुष्यात माझ्यावर एकदाच हात उचलला, तो त्या दिवशी.

मुलाच्या मनात अशा वेळी जो हिशेब मांडला जातो, तो पुढे तपासला जात नाही. मी असे धरून चाललो, की भाऊंना दादाजींची हौस कमीपणाची वाटत होती. व्यापाऱ्याच्या घरात सुतारकी नको म्हणून त्यांनी म्हाताऱ्या बापाच्या हातून पेटी काढून घेतली. दादाजी १९७४ मध्ये गेले. मी पुण्यास एम. कॉम. केले, बँकेत लागलो, दुकानात बसलो नाही. भाऊंनी त्याचे कारण विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आमच्यात भांडण असे कधी झाले नाही. दर दिवाळीला मी घरी जाई, बँकेची कॅलेंडरे नेई, पाया पडे, दुकानाची उलाढाल विचारी. एखाद्या चालू खात्यासारखे आमचे नाते व्यवस्थित चालू होते आणि त्यात शिल्लक फारशी नव्हती.

नोकरीच्या काळात लाकडाशी माझा संबंध आला तो वखारींच्या कर्जप्रकरणांतून. अनेकांना मी कॅश क्रेडिट मंजूर केले. गोदामाची तपासणी करताना ओंडक्यांच्या राशी मोजल्या, विमा आहे ना ते पाहिले, वनखात्याचे वाहतूक परवाने पाहिले. त्या कागदांवर सही करताना वनकर्माचा विचार एकदाही मनात आला नाही. आणि निवृत्तीनंतर एक फूटभर फळी हातात घेतली, तेव्हा मात्र तीन रात्री विचार केला. आपला धर्म आपल्याला हाताच्या कामात पटकन दिसतो आणि सहीत दिसत नाही, असे का व्हावे, हे मला अजून उमगलेले नाही.

भाऊ २०२२ मध्ये गेले, वय एक्याण्णव. बाराव्या दिवसानंतर त्यांच्या कपाटात किल्ली मिळाली आणि मी माळ्यावरून पेटी उतरवली. पंचावन्न वर्षांची बंद पेटी. आत गंजाचा चिखल असेल, अशी मनाची तयारी होती.

एकाही पात्यावर गंज नव्हता. प्रत्येक पाते तेल लावलेल्या फडक्यात होते, फडक्यावर कागद गुंडाळलेला होता, आणि तो कागद माझ्या बँकेच्या कॅलेंडरचा होता. सर्वांत वरचे पान २०१९ चे, माझ्या निवृत्तीच्या वर्षाचे. मी नेलेली कॅलेंडरे दुकानात कधी टांगलेली दिसत नसत, तेव्हा मी मनातल्या मनात दुखावला जात असे. भाऊ दरवर्षी ती फाडून दादाजींची हत्यारे त्यांत गुंडाळत होते.

भुवाजी त्या वेळी त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. भाऊंच्या थोरल्या भगिनी. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बेटा, तुला कोणी सांगितलंच नाही का?”

त्या श्रावणात एक बडा गिऱ्हाईक दुकानावर आला होता. दुकानाचे बरेचसे येणे त्याच्याकडे अडकलेले. त्याला तुळई कापायची म्हणून दोन माणसांनी ओढायची मोठी करवत हवी होती. दादाजी स्थानकात व्याख्यानाला गेले होते. भाऊंनी पेटीमागे टांगलेली करवत काढून दिली. बड्या असामीला नाही कसे म्हणावे, हा दुकानदाराचा विचार. तुळई वगैरे काही नव्हते. ओढ्याकाठी एक जुनी चिंच होती, तिच्या मालकीचा वाद चालू होता, आणि कोर्टाचा हुकूम येण्याच्या आत ती पाडायची होती. पावसाळ्यात त्या चिंचेवर दरवर्षी बगळ्यांची वसाहत असे. झाड संध्याकाळी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाजी ओढ्यावर गेले आणि चिखलातली पिल्ले त्यांनी आपल्या उपरण्यात गोळा केली. काही जिवंत होती. ती दिवसभरात गेली.

दादाजींनी तेला केला. भाऊंना ते एक शब्दही बोलले नाहीत. भुवाजींच्या मते तेच भाऊंना सर्वांत जड गेले. पारण्यानंतर दादाजींनी यावज्जीव लाकडाला हत्यार न लावण्याचे पच्चक्खाण घेतले, करवत मोडून लोखंड गाडून टाकले, आणि पेटीची किल्ली भाऊंच्या हाती दिली. किल्ली देण्यात शिक्षा होती की विश्वास होता, हे भाऊ आयुष्यभर ठरवू शकले नाहीत, असे भुवाजी म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरातून कोणाला सुरी दिली गेली नाही. व्रत जुने होते. त्याची इतकी काटेकोर अंमलबजावणी मात्र भाऊंची होती.

माझ्या मनातील हिशेब असा पन्नास वर्षे चुकीच्या खात्यावर पडलेला होता. बँकेत अशी नोंद उलटवता येते; येथे ज्यांच्या नावे उलटवायची ते गेले होते. त्या वर्षी संवत्सरीला मी खमतखामणा केला तो भाऊंच्या फोटोसमोर.

पेटीच्या तळाशी एक फळी होती. दीड फूट लांब, नऊ इंच रुंद, इंचाला थोडी कमी जाड. एका बाजूला अर्धे कोरलेले, दुसऱ्या बाजूला नुसत्या खतकसाच्या रेघा, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने वहीतल्या जुन्या रीतीने मांडलेले माप : तीन उभे दंड, म्हणजे पाऊण. तो अपुरा सापडा होता. शास्त्राची पोथी जमिनीवर ठेवू नये म्हणून जी घडीची घोडी वापरतात, तिला आमच्या घरी सापडा म्हणत. त्याची खुबी अशी, की दोन्ही पाने एकाच फळीतून निघतात. बिजागरी नाही, खिळा नाही, जोडच नाही. फळीच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला, आडव्या पाच गाठी आखायच्या. पहिली, तिसरी आणि पाचवी एका पानाची, दुसरी आणि चौथी दुसऱ्याची. समोरच्या बाजूने निम्म्या जाडीपर्यंत आणि मागच्या बाजूने निम्म्या जाडीपर्यंत पटाशीने अशा कोरायच्या, की प्रत्येक गाठ आपल्या शेजारणीपासून सुटेल आणि तरी तिच्यात अडकलेली राहील. त्यानंतर फळी उभी आवळून तिच्या जाडीतूनच वरून गाठींपर्यंत आणि खालून गाठींपर्यंत करवत न्यायची. शेवटी हलक्या हाताने पाने उघडायची. आत कोठे रेसाभर लाकूड जोडलेले राहिले असेल, तर सापडा उघडत नाही, तडकतो.

तो पुरा करावा की नाही, हा प्रश्न साधा नव्हता. ज्यांनी तो अर्धवट सोडला, त्यांनी जाणीवपूर्वक सोडला होता. चातुर्मासासाठी आमच्या उपनगरातील स्थानकात विराजमान असलेल्या एका साध्वीजींना मी सारी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, “आरंभाची अनुमोदना आम्हाला कल्पत नाही.” आणि थांबल्या. त्यांच्या शेजारी पातऱ्यांची झोळी होती. साधूच्या पात्रासाठी आचारांगाने तीनच वस्तू सांगितल्या आहेत : दुधी भोपळा, लाकूड आणि माती. ती हलकी, रंगवलेली लाकडी पातरी कोणाच्या तरी हातांनी चरकावर उतरवलेली होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली असावी, कारण त्या एवढेच म्हणाल्या, “पच्चक्खाण तुमच्या दादाजींचे होते. ते वारशात येत नाही. विवेक येतो का, ते पाहा.”

मी कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरुवात केली. पुण्यातील सदनिकेच्या बाल्कनीत सहा बाय चारची जागा. सौभाग्यवतींचे पहिले उद्गार, “अहो, बँकेत होतात तेव्हा निदान कपडे तरी स्वच्छ असत.” दादाजींच्या फळीला थेट हात लावण्याचे धैर्य नव्हते, म्हणून जुन्या बाजारातून सागवानी चौकटीचे तुकडे आणून सराव केला. पहिले तीन सापडे तडकले. चौथा उघडला, पण इतका ढिला की पोथी ठेवताच दोन्ही पाने जमिनीला टेकली. पटाशीची धार लावायलाच दोन महिने शिकावे लागले. दगडावर पाते तीस अंशांच्या आसपास धरायचे आणि मनगट हलू द्यायचे नाही, हे वाक्य लिहायला सोपे आहे. एका तुकड्यातून ताजा भुसा गळला. तो आमच्या सोसायटीच्या बागेत, माळ्याच्या परवानगीने, बकुळीखाली ठेवला आहे. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती दोरीवर पसरून वाळवतो. यातील पहिली जयणा दादाजींची, दुसरी मी पुस्तकात वाचलेली.

एकदा मुलाकडे अमेरिकेस गेलो असता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सागवानी घुमट पाहिला. सोळाव्या शतकाच्या अखेरचे काम. १९१६ पासून तो तेथे आहे. मान वर करून पाहिले, तर नर्तकी आणि वादकांची वलये एकात एक वर चढत गेलेली. आमचे घर स्थानकवासी, मूर्तीपूजा आमच्यात नाही. तरी मी तेथे बराच वेळ उभा होतो. पुढे वाचनात आले की लॉकवूड डी फॉरेस्ट या अमेरिकन सजावटकाराने १८८१ च्या सुमारास अहमदाबादेत कोरीव लाकूडकामाचा कारखाना काढला, तो हठीसिंग घराण्यातील मगनभाईंच्या भागीदारीत. म्हणजे व्यापारी जैन घराचा लाकडाशी संबंध आला नाही असे नाही. मात्र तेथे पटाशी सुताराच्या हाती होती आणि वही शेठांच्या. दादाजींनी दोन्ही एका हातात धरली, आणि एकीचे व्यवहार दुसरीला कसे भोवतात, ते भोगले.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधल्या आठवड्यात मी दादाजींची फळी घेतली. समोरच्या बाजूचे त्यांचे कोरीव काम तपासले. पाचही गाठी एकसारख्या, पटाशीचा एकही जादा घाव नाही. मागची बाजू मी कोरली. सुट्टीसाठी नाशिकहून आलेली माझी नात, लेकीची मुलगी, वय अकरा, समोर बसून होती. करवत खालून गाठींपर्यंत पोहोचली, तेव्हा हात थरथरत होते; या वयात ते कामाविनाही थरथरतात. मी पाने उघडायला गेलो तर हलेनात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाठीच्या मध्ये कोठेतरी अडत होते आणि ते ठिकाण मला दिसत नव्हते. तिने फळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, “नाना, इथे केसाएवढं आहे. तुमच्या बाजूला नाही, मोठ्या दादाजींच्या बाजूला.”

तसेच होते. त्यांच्या हातून एक कोपरा राहिला होता, किंवा मुद्दाम शेवटासाठी ठेवला होता. माझ्या बोटांना ती पाव इंचाची पटाशी स्थिर धरवेना. तिने हात पुढे केला.

मी किती वेळ थांबलो ते सांगता येणार नाही. मग धारेवरचे बांबूचे टोपण काढले आणि पटाशी तिच्या हातात दिली. कोठे टेकवायची ते बोटाने दाखवले, मनगटाला खालून आधार दिला. तिने दोनदा दाबले. एक बारीक कपची निघाली, आणि सापडा उघडला.

तो आता भुवाजींकडे आहे. त्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, पण त्यावर पोथी ठेवून त्या समोर बसतात. नातीने स्वतःचा पहिला सापडा दिवाळीच्या सुट्टीत आखून ठेवला आहे. गाठी पाच नाहीत, सात आहेत, कारण तिला पाच फार सोप्या वाटतात. समोरची बाजू निम्मी झाली आहे. फोनवर ती दर रविवारी विचारते, की पटाशीला तेल लावले का. लावतो. कॅलेंडरची पाने आता निवृत्तांना मिळत नाहीत, म्हणून याच मासिकाचे जुने कागद वापरतो. संपादक महोदयांनी क्षमा करावी.